वाफशाची वाट

मार्चचा शेवटचा आठवडा. बॉस्टनपासून पश्चिमेला पाऊण तासावरच्या एका उपनगरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी दोघं जण उभे होते. बघत होते मागच्या अंगणातल्या वाफ्याकडे. म्हणजे वाफा जिथे असायला हवा होता, तिकडे. परवापर्यंत तिथे काळी माती उघडी होती. रात्रीतून तिच्यावर वीतभर बर्फ साचला आणि लाकडी चौकटीचा एक कोपरा तेवढा वर राहिला. भाच्याच्या हातात मटारच्या बियांची पुडी होती, आत्याच्या हातात चहाचा कप.

“आज पेरणार होतो,” भाचा म्हणाला.

“वाचलास,” आत्या म्हणाली.

तिथून जो वाद सुरू झाला तो पुढे महिनाभर पुरला. कधी भाजी निवडताना, कधी किराणा आणायला जाताना गाडीत, कधी रात्री भांडी लावताना. आत्याचं सगळं आयुष्य निफाड तालुक्यात, द्राक्षं आणि कांद्यात गेलेलं. नोव्हेंबरात ती सहा महिन्यांसाठी भाच्याकडे आली. भाचा पुण्यात वाढलेला, कॉम्प्युटरवर पोट भरणारा आणि गेली काही वर्षं या चार बाय आठ फुटांच्या वाफ्याने झपाटलेला. आत्या त्याला ‘तुझी बत्तीस फुटी जमीनदारी’ म्हणते.

या जमीनदारीचा खरा पसारा तळघरात आहे. तिथे लोखंडी मांडणीवर एलईडी दिव्यांखाली मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपं ओळीने उभी आहेत. खाली तापवणारी गादी, वर पंखा, वेळ लावलेला टायमर. बाहेर उणे तीन आणि आत मिरचीला चार पानं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!”

पण भाच्याचा उतावळेपणा सगळाच हौसेचा नाही. “आत्या, तुझ्याकडे हंगाम तीन,” तो म्हणतो. “खरीप गेला तर रब्बी आहे, पाणी असलं तर उन्हाळी आहे. माझ्याकडे एकच. इथे शेवटची गोठवणारी रात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कधीही येते आणि शरदातली पहिली ऑक्टोबरात. मधले पाच महिने काय ते माझे. त्यातही मटाराचं गणित वेगळं. त्याला थंडी चालते, ऊन चालत नाही. जूनच्या शेवटी उकाडा वाढला की फुलं गळतात, शेंगा भरत नाहीत. मग मी मेपर्यंत थांबून काय करू?”

हा मुद्दा बिनतोड आहे. थांबण्याचा गुण गाणारी माणसं बहुधा लांब हंगामाच्या प्रदेशातली असतात. जिथे हंगाम आखूड, तिथे थांबण्यालाही किंमत मोजावी लागते.

आत्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: वाफसा.

हा शब्द भाच्याने ऐकला होता, पण वापरला कधी नव्हता. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जादा पाणी निचरून जातं, मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही राहतात, नांगराला किंवा पाभरीला माती चिकटत नाही, ती अवस्था म्हणजे वाफसा. बर्फ वितळून गेल्यावर न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातल्या, मातीला नेमकं याच अवस्थेला यावं लागतं. खालचा थर अजून गोठलेला, त्यामुळे वरचं पाणी मुरत नाही. माती चिखल होऊन बसते. शेजारच्या व्हरमाँट राज्यात निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत आणि हिवाळा व वसंताच्या मधल्या काळाला लोक सरळ ‘चिखलाचा ऋतू’ म्हणतात. अशा ओल्या मातीत पाय दिला किंवा खुरपं घातलं, की तिचे कण एकमेकांवर दाबले जातात आणि वाळल्यावर विटेसारखे घट्ट होतात. त्या वर्षभर मग मुळांना धड हवा मिळत नाही.

“पण बियाणं तर मी बोटाने टोचणार आहे, ट्रॅक्टर कुठे घालतोय?”

“बोटाने टोच. पण टोचलेलं बी गार पाण्यात भिजत पडणार, त्याचं काय? आमच्याकडे एका वर्षी पहिला पाऊस झाला, लगेच सगळ्या गावाने सोयाबीन पेरलं. मग अठरा दिवस आभाळात ढग नाही. दुबार पेरणी. बियाणं दोनदा, मजुरी दोनदा, खत दोनदा. ते कर्ज फेडायला तीन वर्षं लागली.”

दुबार पेरणीची ही भीती महाराष्ट्रात इतकी खोल आहे, की दरवर्षी जूनमध्ये कृषी खातं तेच सांगत असतं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी. तेव्हाही सल्ला हाच होता, घाई नको. पाऊस आला आणि पेरायची वेळ आली, या दोन वेगळ्या घटना आहेत. बर्फ गेला आणि पेरायची वेळ आली, यांचंही तसंच.

भाचा अर्थातच आकड्यांचा माणूस. एका संध्याकाळी त्याने लॅपटॉप आणून आत्यापुढे ठेवला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरिंग्टन आणि मिंजेस या भाजीपाला अभ्यासकांनी १९५४ मध्ये एक तक्ता तयार केला होता. कुठलं बी किती तापमानाच्या मातीत किती दिवसांनी वर येतं, याचा. सत्तर वर्षं झाली, बागकामाची पुस्तकं अजून तो छापतात. “हे बघ,” भाचा विजयाने म्हणाला, “मटार पाच अंशालासुद्धा उगवतो. पालक तर शून्याला.”

आत्याने चष्मा चढवला. “पाच अंशाला किती दिवस लिहिलेत?”

“छत्तीस.”

“अन् दहाला?”

“साडेतेरा.”

आत्याने बोटांची पेरं मोजली. “म्हणजे तू २८ मार्चला पेरलंस तर कोंब ३ मेला वर. मी २० एप्रिलला पेरलं तर ३ किंवा ४ मेला वर. तेवीस दिवस आधी चिखलात जाऊन तू कमावलंस काय?”

भाचा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्याआल्या त्याला उत्तर सुचलं होतं: माती काही छत्तीस दिवस पाच अंशांवर थांबून राहत नाही, दिवसागणिक तापत जाते, तेव्हा लवकर पेरणारा आठवडाभर तरी पुढे राहतो. ते खरंच होतं. आत्याने ते मान्यही केलं. “आठवडा,” ती म्हणाली, “आणि कुजलेलं बी वजा.” तक्त्यातली आणखी एक ओळ तिने आपणहून वाचून दाखवली. टोमॅटो दहा अंशाच्या मातीत ४३ दिवस घेतो, पंचवीस अंशाला सहा. “याला काय म्हणायचं? गार जमिनीत टोमॅटो लावायचा म्हणजे पी हळद अन् हो गोरी.”

मार्चमध्ये या भागात बर्फ पडणं नवलाचं नाही, एप्रिलातही नाही. १९९७ साली ईस्टरचा रविवार ३० मार्चला आला आणि छान उबदार गेला. सोमवारी संध्याकाळपासून बर्फ सुरू झाला आणि १ एप्रिलच्या दिवसापर्यंत बॉस्टनच्या विमानतळावर साडेचौसष्ट सेंटिमीटर साचला. एप्रिल फूलचं वादळ म्हणून ते आजही आठवलं जातं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तर शहरात एकूण २८१ सेंटिमीटर बर्फ पडला, तो आजवरचा विक्रम. रस्त्यांवरून उचललेल्या बर्फाचा जो डोंगर बंदराजवळ रचला होता, त्याचा शेवटचा कचरामिश्रित गोळा वितळला १४ जुलै २०१५ रोजी. तोवर त्याच शहरातल्या बागांत टोमॅटो लाल होऊ लागले असतील.

आणि फार मागे गेलं तर १८१६. आदल्या वर्षीच्या एप्रिलात आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याची गंधकी धूळ वरच्या वातावरणात पसरली आणि पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडच्या उत्तर भागात ६ जूनला बर्फ पडला. जून, जुलै, ऑगस्ट या तिन्ही महिन्यांत मका गोठवणाऱ्या रात्री आल्या. ज्यांनी पुन्हा पेरलं त्यांचंही पुन्हा गेलं. त्यानंतर कित्येक कुटुंबं शेतं सोडून पश्चिमेकडे निघून गेली. हे ऐकून आत्या एवढंच म्हणाली, “त्यांनी थांबून तरी काय केलं असतं?” वादात तिने स्वतःच्या बाजूविरुद्ध बोलण्याची ही पहिली वेळ.

बर्फाला मात्र ती उगीच शत्रू मानत होती, तिथे भाच्याने तिला अडवलं. वाफ्याच्या एका टोकाला ऑक्टोबरात लावलेला लसूण आहे. बर्फ बघून आत्या हळहळली, लसूण गेला म्हणून. “अगं, बर्फ आहे म्हणून तो राहिलाय,” भाचा म्हणाला. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून जास्त हवा असते. जाड थर मातीवर असला की वर उणे पंधरा असो, खाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं. धोका असतो उघड्या जमिनीला. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं सारखं झालं की माती फुगते-बसते आणि लसणाच्या पाकळ्या मुळांसकट वर उचलल्या जातात. शिवाय लसणाला गड्डा धरायला थंडी लागतेच. “म्हणजे गोधडी आहे म्हण की,” आत्या म्हणाली आणि त्यानंतर बर्फाबद्दल जरा आदराने बोलू लागली. वसंतातल्या अशा उशिराच्या बर्फाला इथले जुने शेतकरी गरिबाचं खत म्हणत; पडताना तो हवेतलं थोडं नत्र सोबत घेऊन येतो. पाऊसही आणतोच म्हणा. पण हळूहळू मुरणाऱ्या पाण्याचा मान मोठा.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी भाच्याने बर्फावर काळं कंपोस्ट विखरून टाकलं. ताजा पांढरा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के ऊन परत फेकतो. काळं काही पसरलं की तो ऊन पितो आणि लवकर वितळतो. आत्याला हा बत्तीस फुटी खेळ वाटला. लडाखच्या झांस्कर खोऱ्यात मात्र हाच उपाय पोटासाठी करतात. तिथले शेतकरी शरदात माती गोळा करून ठेवतात आणि वसंतात शेतातल्या बर्फावर पसरतात, कारण पेरणी काही दिवस लांबली तर जव पिकायच्या आत पुढचा हिवाळा येतो. त्याच लडाखमध्ये इतरत्र अडचण उलटी आहे: एप्रिल-मेमध्ये पेरायला पाणी हवं आणि उंचावरच्या हिमनद्या तर जूनशिवाय पुरेशा वितळत नाहीत. म्हणून चेवांग नोर्फेल यांनी गावांच्या जवळ, कमी उंचीवर कृत्रिम हिमनद्या साठवल्या आणि पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभे केले. एका ठिकाणी बर्फ लवकर जावा म्हणून माती टाकायची, दुसऱ्या ठिकाणी तो योग्य महिन्यात वितळावा म्हणून रचून ठेवायचा. पेरणीची तारीख सांभाळण्यासाठी माणूस काय काय करतो!

वादाला खरी धार आली ती झाडांवरून.

भाच्याने कौतुकाने सांगितलं, की अमेरिकेच्या कृषी खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये थंडीच्या पट्ट्यांचा नवा नकाशा काढला, त्यात जवळपास अर्धा देश आधीपेक्षा उबदार अर्ध्या पट्ट्यात सरकला. “आता इथे पीचसुद्धा लावता येईल.” आत्याने विचारलं, हा नकाशा मोजतो काय? भाच्याला सांगावं लागलं: हिवाळ्यातल्या सगळ्यात गार रात्रीची सरासरी. मग वसंतातली शेवटची गार रात्र कधी, हे त्यातून कळतं का? नाही कळत.

इथेच सगळी मेख आहे. हिवाळा सौम्य झाला की झाडं लवकर जागी होतात, पण एप्रिल-मेमधली एखादी रात्र अजून जुन्या वळणाचीच येते. २०१२ च्या मार्चमध्ये मिशिगन राज्यात उन्हाळ्यासारखी ऊब आली, सफरचंदांना आणि चेरीला अवेळी बहर फुटला आणि एप्रिलच्या थंडीत तो गोठला. सफरचंदाचं सुमारे नव्वद टक्के पीक गेलं. २०२३ मध्ये न्यू इंग्लंडला दोनदा तडाखा बसला: ४ फेब्रुवारीच्या थंडीने पीचच्या कळ्या मारल्या, आणि १८ मेच्या पहाटे व्हरमाँट, न्यू हॅम्पशर आणि शेजारच्या न्यूयॉर्क भागातल्या सफरचंदांचा आणि द्राक्षांचा घास घेतला. पूर्ण फुललेल्या सफरचंदाला उणे २.२ अंशाला दहा टक्के फुलांचा फटका बसतो, उणे ३.९ ला नव्वद टक्क्यांचा. मधलं अंतर दोन अंशांहून कमी.

आत्याने हे ऐकलं आणि ती बराच वेळ निफाडबद्दल बोलत राहिली. महाराष्ट्रातला हा सगळ्यात गार टापूंपैकी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एखाद्या वर्षी दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा द्राक्षाचे मणी भरत आलेले असतात. थंडीने ते तडकतात, आणि तडकलेला माल व्यापारी घेत नाही. मग रात्री दोनला उठायचं, बांधाबांधावर शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेत धरून ठेवायचा, पहाटे ठिबक सुरू करायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. “स्वच्छ आभाळ, वारा पडलेला, चांदणं टिपूर. लोकांना ती रात्र सुंदर वाटते. आम्हाला घाम फुटायचा.”

भाच्याने तिला व्हिडिओ दाखवले. इथल्या बागांमध्ये उंच खांबावर विमानासारखे पंखे असतात. अशा शांत रात्री गार, जड हवा जमिनीलगत बसते आणि दहा-पंधरा मीटर वर तिच्यापेक्षा उबदार थर असतो. पंखा तो थर खाली ओढतो. काही जण तुषार सिंचनाने झाडांवर पाणी उडवत राहतात. गोठताना प्रत्येक किलो पाणी ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं आणि बर्फाच्या पापुद्र्याआड कळी शून्याच्या आसपास तग धरते. मात्र मध्येच पंप बंद पडला तर न केल्यापेक्षा वाईट. आत्याला पंप बंद पडण्याचं समजावून सांगावं लागलं नाही. रात्रीच्या लोडशेडिंगची तिला सवय आहे.

“बघ,” ती म्हणाली, “तुला मटार पेरायचा की नाही ते ठरवता येतं. बागवाल्याला तेही नाही. झाडाला कोण सांगणार, थांब म्हणून?”

लेखकाला वाटतं, दोघांच्या भांडणाचं मूळ या वाक्यात आहे. भाचा हरला तर त्याचे तीन डॉलर जातात, दुकानात दुसरी पुडी मिळते. म्हणून तो घाई करू शकतो. त्याची घाई स्वस्त आहे. आत्याचा थांबण्याचा आग्रह कर्ज काढून शिकलेला आहे. दोघं एकाच मातीबद्दल बोलत नव्हते. एकाची माती छंदाची होती, दुसरीची तारणावर ठेवलेली.

पण म्हणून आत्या प्रत्येक वेळी बरोबर ठरली असं नाही. भाच्याने गच्चीवर, बर्फात अर्धवट बुडालेले दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन ठेवले होते. कॅन मधोमध कापलेले, आत माती, त्यात बी, झाकण उघडं. जानेवारीपासून ते तसेच होते. आत्याला आधी तो कचरा वाटला. त्यातल्या काही कॅनमध्ये इथल्या रानातली मिल्कवीड होती; मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या ज्या एकाच झाडावर जगतात, ते. तिचं बी ओल्या थंडीत महिनाभर तरी राहिल्याशिवाय नीट उगवत नाही. बर्फ सोसणं हीच त्याची पूर्वतयारी. “आणि इथले गुरंवाले शेतकरी फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठलेल्या कुरणावर लाल क्लोव्हरचं बी नुसतं फेकतात,” भाचा म्हणाला. “जमीन गोठते, वितळते, भेगा पडतात, बी आपोआप आत जातं. नांगर नाही, काही नाही.”

आत्या हसली. “ही तर धूळपेरणी!”

खानदेश-विदर्भात पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत कपाशी टोकणारे आहेत. कोकणात भाताचं बी धूळवाफ्यात टाकतात. पाऊस वेळेवर आला तर इतरांच्या पुढे, नाही आला तर बियाणं मुंग्यांना. थांबणाऱ्यांच्या देशातही जुगारी होतेच. तिच्या सासऱ्यांनी एकदा केली होती धूळपेरणी, हे तिने आत्ता सांगितलं. साधली का? “साधली. म्हणून तर पुढच्या वर्षी परत केली,” आत्या म्हणाली आणि पुढचं काही बोलली नाही.

मग वेळ ओळखायची कशी? कॅलेंडरवर दोघांचाही भरवसा नव्हता. आत्याकडे नक्षत्रं होती, सात-आठ जूनला लागणारा मृग होता आणि ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडणारा पावशा होता. भाच्याने इथली खूण सांगितली, जी गोऱ्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांकडून घेतल्याचं मानतात: ओकची कोवळी पानं खारीच्या कानाएवढी झाली की मका पेरा. मटारासाठी खूण आहे फोर्सिथियाची, पानांआधी पिवळ्याधमक फुलांनी भरणारं ते झुडूप इथे दर दुसऱ्या घरासमोर असतं. अशा खुणा तारखेपेक्षा शहाण्या, कारण झाड त्या वर्षीची ऊब स्वतः मोजत असतं. अर्थात २०१२ ने दाखवलं, की झाडही फसतं.

जवळच काँकर्ड गाव आहे, वॉल्डन तळं आहे. एका रविवारी दोघं तिथे गेले. तळ्याच्या सावलीतल्या काठाला अजून बर्फाची कड होती. लेखक हेन्री डेव्हिड थोरो इथे राहायला आला १८४५ साली, आणि तळ्यावरचा बर्फ कुठल्या वर्षी कधी फुटला याच्या तारखा त्याने नोंदवून ठेवल्या: १८४५ ला १ एप्रिल, १८४७ ला ८ एप्रिल, १८५२ ला १८ एप्रिल. गावातली रानफुलं कधी उमलतात याच्याही त्याने वर्षानुवर्षं याद्या केल्या. बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या याद्या आजच्या फुलांशी ताडून पाहिल्या. २०१२ मध्ये तीच फुलं थोरोच्या काळापेक्षा सरासरी जवळपास तीन आठवडे आधी उमलली होती.

आत्याला याद्यांपेक्षा थोरोच्या घेवड्यात रस. अडीच एकर रान, त्यात त्याने घेवडा लावला सुमारे १ जूनला. रस्त्याने जाणारे शेतकरी नावं ठेवायचे, किती हा उशीर म्हणून. खर्च वजा जाता त्याच्या हाती आठ डॉलर साडेएकाहत्तर सेंट राहिले आणि तो हिशोब त्याने पुस्तकात छापला.

“नफ्यात होता ना?” आत्या म्हणाली. “मग? घेवड्याला थंडी सोसत नाही, हे त्याला कळत होतं. त्याचा मृगच म्हण.”

“आठ डॉलर, आत्या. मोसमभर राबून.”

“कांद्यात आम्हाला कधीकधी तेवढेही राहत नाहीत.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ गेला. आत्या चपला बदलून वाफ्यापाशी गेली, बोटभर खोलीची माती मुठीत घेतली, दाबली आणि भाच्यासमोर हात उघडला. मातीचा गोळा चकचकीत, बोटांचे ठसे उमटलेले. “लाडू वळला. लाडू फुटायला पाहिजे. अजून नाही.” तिने त्याला दुसरं काम दिलं: निफाडला खरबुजाला अंथरतात तसा काळा मल्चिंग पेपर अर्ध्या वाफ्यावर घाल, माती तापेल. वरून घालायला पांढरं क्रॉप कव्हर भाच्याकडे होतंच. त्याला त्याचं मराठी नाव माहीत नव्हतं, आत्याने सांगितलं, आमच्याकडेही क्रॉप कव्हरच म्हणतात.

एप्रिलचा तिसरा सोमवार मॅसेच्युसेट्समध्ये देशभक्त दिनाच्या सुट्टीचा. बॉस्टनची मॅरेथॉन असते, आणि मटार पेरायचा हा इथला पारंपरिक मुहूर्त. टीव्हीवर शर्यत चालू ठेवून दोघं अंगणात आले. या वेळी गोळा कमरेच्या उंचीवरून खाली टाकला तर त्याचे तुकडे झाले. आत्याने ओळ आखली. दुसरी ओळ आखायला दोरी सरकवली तेव्हा भाचा म्हणाला, “तिथे नको.”

“का?”

“तिथे मी पेरलेत. कंपोस्ट टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. बर्फ बाजूला सारून.”

आत्याने त्याच्याकडे बघितलं, मग ओळीकडे. रागावली नाही. “किती?”

“तीस.”

तिनेही मोजून तीस बिया टाकल्या.

भाच्याच्या ओळीत पहिला कोंब ३० एप्रिलला दिसला, आत्याच्या ओळीत ३ मेला. भाच्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला: तीन दिवसांनी पुढे. आत्याने त्याखाली लिहिलं, तुझे एकोणीस आले, माझे अठ्ठावीस. त्यावर निफाडहून आणि पुण्याहून जी मतं आली त्यांत दोन तट पडले आणि ते अजून तसेच आहेत.

भेंडीचा प्रश्न राहिला. गावठी भेंडीचं बी आत्याला घरून आणायचं होतं, पण अमेरिकेत आवश्यक कागदपत्रांशिवाय बी आणता येत नाही, म्हणून भाच्याने इथेच पुडी विकत घेतली. भेंडीला माती वीस अंशांच्या आसपास लागते. म्हणजे मेचा शेवट किंवा जून. आत्याचं परतीचं तिकीट १२ मेचं. तिकडे मृगाच्या आधी मशागत उरकायची होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाचा म्हणाला, “यंदा लवकर लावतो, क्रॉप कव्हर घालून. म्हणजे तू असताना निदान पेरून तरी होईल.”

आत्या कुंपणापलीकडच्या ओककडे बघत होती. फांद्यांच्या टोकांना तांबूस फुटवा दिसत होता, पानं म्हणावीत असं काही नव्हतं. कुंपणावर एक खार बसली होती, तिचे कान तेवढे स्पष्ट दिसत होते.

“पुडी फ्रीजमध्ये ठेव,” ती म्हणाली. “आणि पानाचा फोटो पाठव. खारीसकट.”